गढूळ पाण्याची सोनोग्राफी

तलावातून काढलेला गाळ टिप्परच्या खेपांनी मोजता येतो. पण पुराच्या पाण्याबरोबर रातोरात येणारा गाळ मोजायचा कसा? कानाला ऐकू न येणारा आवाज हे काम करू शकतो. मात्र त्याचे बोलणे समजून घ्यायला मातीचीही ओळख लागते आणि गणिताचीही.

२०१८ च्या उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरड्या पडलेल्या तलावांत पोकलेन आणि जेसीबी उतरले. भारतीय जैन संघटनेच्या ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेसाठी शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात आली होती. यंत्रे संघटनेची, डिझेल शासनाचे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी कामाची वाटणी होती. त्याआधी २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली होती. २०२३ मध्ये ती नव्याने राबवायला घेतली गेली. राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांच्या खोलीकरणातून घ्यायचा, ही कल्पनाही याच जिल्ह्यात आकाराला आली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या भाषणांतून ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर पोहोचली.

काढलेल्या गाळाचा हिशेब सोपा असतो. टिप्पर किती भरले, प्रत्येकात किती माल बसतो, याचा गुणाकार केला की झाले. येणाऱ्या गाळाचे तसे नाही. तो पाण्यात मिसळून येतो, बहुधा रात्रीच्या पुरात येतो, आणि पाणी ओसरल्यावर तळाशी जाऊन बसतो. दिसतो तो थेट पुढच्या उन्हाळ्यात.

त्याचे प्रमाण किती असू शकते, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. समजा, एखाद्या नदीला पूर आला आहे आणि सेकंदाला १०० घनमीटर पाणी वाहते आहे. त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढी माती आहे. तासाभरात ३ लाख ६० हजार घनमीटर पाणी जाते. त्यातली माती भरते १,८०० टन. दहा टनी टिप्परच्या १८० खेपा, आणि त्याही एका तासात. वर्षभरात नदी जेवढा गाळ आणते, त्यातला बहुतेक भाग अशा मोजक्या पुरांतच येतो. त्या मोजक्या तासांत नोंद झाली नाही, तर वर्षाचा हिशेबच चुकतो.

बाटली, गाळणी आणि वजनकाटा

पाण्यात तरंगणारा गाळ मोजण्याची जुनी आणि आजही खात्रीची पद्धत म्हणजे पाण्याचा नमुना घेणे. केंद्रीय जल आयोगाच्या नदी-निरीक्षण केंद्रांवर धातूच्या जड चौकटीत बसवलेली बाटली नदीत सोडतात आणि पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावरचे पाणी घेतात. ते गाळून, वाळवून, वजन करून लिटरमागे किती गाळ आहे, ते काढले जाते. गाळाचे तीन गटही पाडले जातात. ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण भरड, ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरचे मध्यम आणि त्याहून लहान ते बारीक.

या पद्धतीची अडचण उघड आहे. बाटली सोडायला माणूस लागतो, आणि पुराचे पाणी पुलाला घासून जात असताना, काळोखात, त्या पुलावर कुणी उभे राहावे अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय एक बाटली एका क्षणाचे पाणी पकडते. दहा मिनिटांनी वरच्या अंगाचा एखादा नाला येऊन मिळाला, की पाण्याचा रंगच बदललेला असतो.

साचून बसलेल्या गाळासाठी वेगळी रीत आहे. होडीला ध्वनिमापक यंत्र लावून जलाशयभर फेऱ्या मारतात. यंत्र तळाकडे आवाजाचे ठोके पाठवते, त्यांचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढते. दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे ठोके पाठवले तर आणखी एक गोष्ट समजते. २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा बारीक आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा जाड आवाज तो थर भेदून खालच्या जुन्या, टणक तळापर्यंत जाऊ शकतो. दोन खोल्यांमधला फरक म्हणजे मऊ गाळाची जाडी. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. जलाशयांच्या अशा अभ्यासाची परंपरा राज्यात चांगली रुजलेली आहे.

पण या मोजणीतून कळतो तो काही वर्षांचा एकत्रित परिणाम. कोणत्या पुराने किती आणले, कोणत्या उपनदीने आणले, पाणलोटात केलेल्या बांधबंदिस्तीने काही फरक पडला का, याचे उत्तर मिळवायचे तर वाहत्या, गढूळ पाण्यालाच प्रश्न विचारावा लागतो. आणि इथेही ध्वनीच उपयोगी पडतो.

राजूर घाटातले धुके

पावसाळ्यात बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाटातून गाडी चालवणाऱ्यांना एक अनुभव ओळखीचा असेल. धुक्यात हेडलाइट लावला की समोरचा रस्ता उजळण्याऐवजी धुकेच उजळते आणि प्रकाश उलट डोळ्यांवर येतो. त्याच वेळी पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे फिके होत होत दिसेनासे होतात. धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांनी प्रकाशाची दोन प्रकारे वाट लावलेली असते. काही प्रकाश त्यांनी परत फेकला, आणि पुढे जाणारा प्रकाश कमी केला.

गढूळ पाण्यात आवाजाचे हेच होते. पाण्यात बुडवलेले यंत्र मेगाहर्ट्झच्या वारंवारतेचे, म्हणजे सेकंदाला दहा लाख किंवा अधिक कंपनांचे ठोके पाठवते. माणसाचा कान फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, म्हणून याला श्रवणातीत ध्वनी म्हणतात, इंग्रजीत अल्ट्रासाउंड. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. तेव्हा एक मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी होते दीड मिलिमीटर. मातीचे कण या लहरीपेक्षा खूपच लहान असतात. तरीही प्रत्येक कण थोडासा आवाज सगळ्या दिशांना विखुरतो. त्यातला जो भाग यंत्राकडे परततो, तो झाला प्रतिध्वनी. आणि जो पुढे जाता जाता क्षीण होतो, ती झाली घट. यंत्राला या दोनच गोष्टी कळतात. प्रतिध्वनी किती मोठा, आणि घट किती वेगाने.

त्यावरून लिटरमागे किती ग्रॅम माती, हे काढणे म्हणजे घाटातल्या धुक्याची चमक पाहून हवेत किती थेंब आहेत हे सांगण्यासारखे आहे. त्यासाठी कणावर लहर आदळल्यावर नेमके काय होते, याचे गणिती प्रारूप लागते.

आठपट चूक कशी होते

हे गणित आधी मांडले ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांच्या नियमाचे सार असे, की कण लहरीच्या मानाने फार लहान असेल तर त्याने विखुरलेल्या ध्वनीची तीव्रता कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी दुप्पट होत नाही, चौसष्टपट होतो.

आता मूठभर माती घ्या आणि तिचे कण दुप्पट मोठे आहेत असे माना. वजन तेवढेच ठेवायचे, तर कणांची संख्या एक-अष्टमांश होईल. एकेक कण चौसष्टपट बोलका आणि संख्या आठपट कमी. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या मातीचा प्रतिध्वनी आठपट मोठा. ०.०१ मिलिमीटरचा बारीक गाळ आणि ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू, दोन्ही एकाच वजनाच्या घेतल्या, तर वाळूचा प्रतिध्वनी हजारपट असतो.

म्हणून केवळ प्रतिध्वनी मोठा झाला यावरून गाळ वाढला असे म्हणता येत नाही. गाळ तेवढाच असेल आणि कण भरड झाले असतील. उलट, कण प्रत्यक्षात ज्या आकाराचे आहेत त्याच्या निम्मे मानले, तर तेवढा प्रतिध्वनी मिळवण्यासाठी गणित आठपट माती गृहीत धरेल. १८० टिप्परचा आकडा १,४४० वर जाईल. यंत्रात बिघाड नाही, मोजणीत चूक नाही, तरी उत्तर आठपट चुकलेले. गढूळ पाण्याच्या सोनोग्राफीतली खरी मेख ही आहे.

आवाज गिळणारी माती

दुसरी खूण आहे घट. तिच्यामागचे कारण वेगळे आहे. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, गाडी निघाली की मागे. गाडी आणि प्रवासी एकाच वेळी हलत नाहीत. ध्वनीची लहर जाते तेव्हा पाणी पुढे-मागे थरथरते. मातीचा कण पाण्यापेक्षा अडीचपटीहून जड, त्यामुळे तो मागे पडतो. पाणी आणि कण यांच्यात घर्षण होते, लहरीची थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि आवाज तेवढा क्षीण होतो.

कण अगदीच सूक्ष्म असेल तर तो पाण्याबरोबर सहज वाहवत जातो, घर्षण फारसे होत नाही. कण मोठा असेल तर त्याच्या वजनाच्या मानाने घासला जाणारा पृष्ठभाग कमी पडतो. या दोन टोकांच्या मध्ये एक आकार असा असतो, की तिथे घर्षण सर्वाधिक होते. एक मेगाहर्ट्झच्या ध्वनीसाठी हा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे एका मायक्रॉनच्या आसपास येतो. हा आकार आहे चिकणमातीचा.

म्हणजे वाळू आवाज परत फेकते आणि चिकणमाती तो गिळते. प्रतिध्वनीतून प्रामुख्याने भरड कणांची बातमी मिळते, घटीतून बारीक कणांची. दोन्ही एकत्र वाचले तरच पूर्ण चित्र उभे राहते. पण तेही एका वारंवारतेवर पुरेसे नाही. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या वारंवारतांचे ध्वनी पाठवतात. तबल्यावर आणि डग्ग्यावर एकाच हाताने थाप दिली तरी दोन वेगळे नाद येतात, तसा एकच गाळ वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळे उत्तर देतो. त्या उत्तरांच्या तुलनेतून कणांचा आकार आणि प्रमाण हे दोन्ही हाती लागतात.

हे गणित एका दिवसात तयार झालेले नाही. पाण्यात किंवा हवेत तरंगणाऱ्या कणांच्या घर्षणाने ध्वनी किती घटतो, याचे सूत्र १९१० मध्ये सीवेल यांनी मांडले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट युरिक यांनी चिकणमाती आणि बारीक वाळू पाण्यात कालवून ते प्रत्यक्ष तपासले. निसर्गातले कण गोल गोळीसारखे नसतात, तरीही सूत्र बऱ्यापैकी लागू पडते, असे त्यातून दिसले. १९५३ मध्ये एपस्टीन आणि कारहार्ट यांनी धुक्यातल्या थेंबांसाठी, तर १९७२ मध्ये अलेग्रा आणि हॉली यांनी द्रवात मिसळलेल्या कणांसाठी अधिक परिपूर्ण सिद्धांत दिला. त्यात घर्षणाबरोबर कण आणि द्रव यांच्यातल्या उष्णतेच्या देवाणघेवाणीचाही हिशेब होता.

पाणी फारच गढूळ असेल तर आणखी एक गुंता होतो. एका कणाने विखुरलेला आवाज दुसऱ्या कणावर आदळतो, तिथून तिसऱ्यावर. दाट धुक्यात प्रकाश नेमका कुठून येतो हे कळेनासे होते, तसेच हे. अशा वेळी प्रत्येक कण सुटा मानून चालत नाही. फोल्डी यांनी १९४५ मध्ये आणि वॉटरमन व ट्रुएल यांनी १९६१ मध्ये या परस्पर-विखुरण्याचे गणित मांडले. आज ही सारी सूत्रे संगणकावर क्षणात सोडवता येतात. त्यांत कोणती माती भरायची, हा प्रश्न मात्र संगणक सोडवत नाही.

काळ्या मातीची गोम

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. हा खडक झिजून तयार झालेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पायाला चिकटते. हा स्वभाव तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट गटाच्या चिकण खनिजांचा. त्यांचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. रॅलेंच्या नियमातला कण गोल, टणक आणि सुटा. काळ्या मातीचा कण यांपैकी काहीच नाही.

त्यातून हे कण एकटे राहत नाहीत. माठातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की थोड्या वेळाने मातीच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि पाणी निवळते, हे घरोघरी माहीत आहे. तुरटीशिवायही, पाण्यातल्या क्षारांमुळे, नदीत अशा गुठळ्या होत असतात. गुठळी आकाराने मोठी असते, पण तिच्यात बहुतांश पाणीच भरलेले असते. ध्वनीच्या दृष्टीने ती तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणाहून खूप मऊ, तर सुट्या चिकणकणांहून अधिक बोलकी ठरते. पुराच्या खळखळाटात ती फुटते, पाणी संथ झाले की पुन्हा जमते. माती तीच, वजन तेच, प्रतिध्वनी मात्र बदलत राहतो. समुद्र आणि खाड्यांतल्या गाळाचा ध्वनीने अभ्यास करणारे ब्रिटनचे पीटर थॉर्न आणि त्यांच्यासारखे इतर संशोधक अलीकडच्या वर्षांत याच गुठळ्यांशी झुंजत आहेत. गुठळी जितकी मोठी तितकी तिची घनता कमी, हे गृहीत धरून त्यांनी जुन्या सूत्रांत बदल केले आहेत.

बुलढाण्यात यात आणखी एक स्थानिक पदर आहे. जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत विभागलेले आहे. उत्तरेकडची पूर्णा आणि नळगंगा तापी खोऱ्यात जातात. पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरी खोऱ्यात. उत्तरेच्या पूर्णा खोऱ्यात अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला खारपाण पट्टा आहे. तिथल्या जमिनीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. मातीच्या कणांना कॅल्शियम एकमेकांशी धरून ठेवते, सोडियम त्यांना सुटे करते. तेव्हा पूर्णेच्या पुरातली चिकणमाती आणि देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवरच्या संत चोखासागर जलाशयात येणारी चिकणमाती एकाच प्रकारे वागेल, असे धरून चालता येणार नाही. एका नदीवर बसवलेले गणित दुसऱ्या नदीवर जसेच्या तसे उचलून ठेवणे म्हणजे एका रुग्णाचा चष्मा दुसऱ्याला देण्यासारखे होईल.

रक्त हीही एक गढूळ नदी

डॉक्टरांच्या सोनोग्राफी यंत्रामागे हेच भौतिकशास्त्र आहे. रक्त म्हणजे पिवळसर द्रवात तरंगणाऱ्या पेशी. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. पाच मेगाहर्ट्झच्या ध्वनीची लहर तिच्या चाळीसपट लांब. म्हणून पेशींचा प्रतिध्वनी अगदी क्षीण येतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्तवाहिनी काळी दिसते. डॉपलर तपासणीत रक्ताचा वेग काढतात, तो याच क्षीण प्रतिध्वनीवरून.

रक्ताचा प्रवाह मंदावला, की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. ध्वनीच्या दृष्टीने कणाचा आकार वाढतो आणि सहाव्या घाताचा नियम कामाला लागतो. काळ्या दिसणाऱ्या पोकळीत धूर तरंगल्यासारखे दिसू लागते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेत असा धूर दिसला, की तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे, हे हृदयरोगतज्ज्ञ ओळखतात. नदीतल्या मातीच्या गुठळ्या अभियंत्याला चकवतात. रक्तातल्या पेशींच्या चळती डॉक्टरला वेळेत सावध करतात.

नळापर्यंत येणारा प्रश्न

गाळाचा प्रश्न धरणाच्या साठवणक्षमतेपुरता नाही. बुलढाणा शहराला पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून पाणी मिळते. आपोआप कलणाऱ्या गोडबोले दरवाजांमुळे हे धरण ओळखले जाते. अशा कोणत्याही जलाशयातून पाणी उचलणाऱ्या शहरासाठी पावसाळ्याचे पहिले पूर कसोटीचे असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ एककांपर्यंत चालतो. ही मर्यादा दिसण्यासाठी नाही. मातीचे कण जंतूंना आडोसा देतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकल्याचे समाधान मिळते, पण जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचे जंतू जिवंत राहू शकतात.

जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किती टाकायची, हे गाळाचे प्रमाण आणि प्रकार पाहून ठरते. कमी पडली तर पाणी निवळत नाही. जास्त झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते, आणि त्यालाही मानकात मर्यादा आहे. गढूळपणा मोजणारी नेहमीची यंत्रे प्रकाशावर चालतात. त्यांना बारीक कण चांगले दिसतात, भरड कण तेवढे नाहीत. काचेवर शेवाळ चढले तर तीही फसतात. ध्वनीचे याच्या उलट असते. त्याचा प्रतिध्वनी भरड कणांना जास्त दाद देतो आणि तो नदीच्या काही मीटर रुंदीपर्यंत पोहोचतो. दोन्ही जोडीने वापरले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. धरणाकडे निघालेल्या पुरात किती आणि कोणता गाळ आहे, हे काही तास आधी कळले, तर केंद्रातल्या कर्मचाऱ्याला तुरटीची तयारी करता येते.

कोलोरॅडोचा धडा

वाहत्या नदीत हे तंत्र किती पुढे जाऊ शकते, हे अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये दिसते. तिथे कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाने वाळू अडवल्यामुळे खालच्या दरीतले वाळूचे किनारे झिजू लागले. उपाय म्हणून धरणातून मुद्दाम मोठा विसर्ग सोडून तळाची वाळू काठांवर चढवली जाते. पण असा विसर्ग कधी सोडायचा, हे खालच्या उपनद्यांनी किती वाळू आणली यावर अवलंबून असते. त्यासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने नदीकाठी वेगवेगळ्या वारंवारतांची ध्वनियंत्रे बसवली आहेत. ती दर १५ मिनिटांनी नोंद घेतात. प्रतिध्वनीवरून वाळू, घटीवरून चिकणमाती आणि बारीक गाळ, असा हिशेब मांडला जातो.

त्या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र जुनाच आहे. बाटली. संशोधकांनी वर्षानुवर्षे नदीतून पाण्याचे नमुने घेतले, त्यांतले कण मोजले आणि ध्वनीची सूत्रे त्या नदीच्या मातीशी पडताळून पाहिली. त्यानंतरच यंत्राच्या आकड्यांवर धरणाचे निर्णय घेण्याइतका विश्वास बसला.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यासाठी यातून निघणारा धडा सरळ आहे. यंत्र विकत घेता येते, त्याच्याबरोबर येणारे संगणकाचे सूत्रही मिळते. पण ते सूत्र बहुधा वाळूच्या किंवा गोल कणांच्या अंदाजावर बेतलेले असते. ते काळ्या मातीला लागू करण्याआधी पैनगंगेची बाटली वेगळी आणि पूर्णेची वेगळी भरावी लागेल. पहिल्या पुराचा गाळ आणि ऑगस्टमधला गाळ वेगळा तपासावा लागेल. कणांचा आकार, गुठळ्या, पाण्याचे तापमान आणि क्षार यांची नोंद ठेवावी लागेल. हे काम जिल्ह्यातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागतात ती गाळणी, भट्टी, काटा आणि पावसाळाभराची चिकाटी.

याची गरज पुढे वाढतच जाणार आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचे शेवटचे टोक मोताळा तालुक्यातल्या नळगंगा प्रकल्पात आहे. शेकडो किलोमीटरवरून आणलेले पाणी जिथे साठवायचे, तिथली जागा गाळाने अडवलेली परवडणार नाही. गाळ दरवर्षी उपसणे हा खर्चाचा उपाय. तो डोंगरउतारावरच अडवणे हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय. समतल चर, बांध आणि झाडोरा यांनी उतारावरची माती किती थांबली, हे सांगणारा पुरावा पुराच्या पाण्यातच वाहत असतो. तो ऐकून घेण्याची सोय केली, तर कोणत्या ओढ्याच्या पाणलोटात आधी काम करायचे, हे ठरवायला अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही.